तीन पौंडांची गोष्ट

आमच्या आजोबांना इंग्रजी यायचं ते उलटं. म्हणजे छापलेला कागद समोर धरला की ते अडखळत, शब्द न् शब्द बोटाने धरत. पण तोच मजकूर खिळ्यांत जुळवलेला दाखवा, घडाघडा वाचत. १९२३ साली, पंधराव्या वर्षी, ते पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात लागले. आधी वर्षभर नुसते खिळे सोडवायचं काम. छापून झालेला मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. मग हातात जुळणीची स्टिक आली आणि त्यांचं नशीब असं की त्यांना इंग्रजी खिळ्यांच्या केसवर उभं केलं. तिथून दर गुरुवारी भारत सेवक समाजाचं ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे इंग्रजी साप्ताहिक निघे. पंधरा वर्षं आजोबांनी त्यातली पानं जुळवली. नैरोबी, डर्बन, जिनीव्हा, प्रिटोरिया ही गावं नकाशावर कुठे आहेत हे त्यांना फार उशिरा कळलं. त्या गावांच्या नावांत कोणती अक्षरं लागतात हे मात्र आधी कळलं.

साप्ताहिक १९३९ मध्ये बंद पडलं आणि आजोबा बंगळूरला आले. बंगळूरच्या मराठी माणसाला ‘तुम्ही इथे कधीपासून’ असं विचारलंत तर तो शहाजीराजांपासून सुरुवात करतो. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळात एकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख आहे, तोही सांगून होतो. आमच्यापाशी असलं काही नाही. आम्ही खिळ्यांच्या मागून आलो. बसवनगुडीत शंकरपुरमच्या बाजूला दोन खोल्या, मागे विहीर, पुढे कट्टा. गल्लीतली कानडी मुलं आजोबांना ‘पुणे अज्ज’ म्हणत. त्या कट्ट्यावर मी जे ऐकलं त्याला पुढे विद्यापीठात ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ असं भारदस्त नाव असतं हे मला विसाव्या वर्षी समजलं. तोवर ती आमच्या घरातली भांडणं होती.

भांडणं होणारच. आजी टिळकपक्षाच्या घरातली. तिच्या वडिलांकडे ‘केसरी’ मोठ्याने वाचला जाई आणि भारत सेवक समाज काढणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव निघालं की घरातले पुरुष हसत. अशी मुलगी ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘सर्व्हंट’ छापणाऱ्या कारखान्यातल्या मुलाला दिली, याला ती आयुष्यभर स्थळ बघणाऱ्यांची चूक मानत आली. ‘नेमस्त’ हा शब्द तिच्या तोंडी शिवीसारखा यायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी भाजी नेमस्त.

तिसरे शेजारचे तमिळ मास्तर. निवृत्त, पांढरंशुभ्र वेष्टी, कानात सोन्याची बारीक कुडी. ते मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या हिंदू हायस्कूलचे विद्यार्थी. आणि त्या शाळेचे हेडमास्तर कोण, तर व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. मास्तर तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असतील. शास्त्र्यांनी चालत्या वर्गात येऊन एका शब्दाचा उच्चार कसा सुधारला, हे ते दर आठवड्याला सांगत. शब्द दर वेळी वेगळा असे. आजी म्हणायची, ‘शब्दांचा कोश संपला की मास्तर गप्प बसतील.’

आजोबांच्या सगळ्या गोष्टी मात्र एकाच ठिकाणी सुरू होत: तीन पौंडांपाशी.

‘पंचवीस मागत होते,’ ते सुरुवात करत. नाताळ वसाहतीतल्या गोऱ्या मळेवाल्यांना उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातले मजूर हवे होते. पाच वर्षांचं गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, संपल्यावर तोच मजूर तिथे मोकळा माणूस म्हणून राहायला नको होता. जो परत जाणार नाही किंवा पुन्हा गिरमिट लिहून देणार नाही, त्याच्यावर वर्षाला पंचवीस पौंड कर बसवावा असा त्यांचा घाट होता. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी तीन पौंडांवर रुकार दिला आणि १८९५ चा कायदा झाला. सोळा वर्षांवरचा पुरुष, तेरा वर्षांवरची बाई. नवरा, बायको आणि दोन मोठी मुलं म्हणजे वर्षाला बारा पौंड. गांधींनी हिशोब मांडून ठेवला आहे की अशा माणसाची कमाई महिन्याला चौदा शिलिंगांच्या वर जात नसे. आजोबा इथे थांबत आणि आम्हा मुलांना गुणाकार करायला लावत. चौदा बारे एकशे अडुसष्ट शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड. साडेआठ पौंडही होत नाहीत. कर बारा. ‘आता सांगा, हा कर आहे की हाकलून द्यायची तऱ्हा?’

हे गणित घालायची त्यांची हौस गोखल्यांकडून आलेली. गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक त्या काळच्या शाळांतून चाले. न्यू इंग्लिश स्कूल आणि मग फर्ग्युसन कॉलेज इथे त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. ज्या विषयाला माणूस नाही तो विषय गोखल्यांकडे. १८९७ मध्ये ते वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले. हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्रज कशाकशाचा खर्च काढतात हे आकड्यांनिशी मांडलं. साक्ष गाजली. आणि तिथेच त्यांच्या हातून ती चूक झाली.

ही गोष्ट सांगायचा हक्क आजीचा. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता, गोरे शिपाई घरं तपासत होते. पुण्याहून मित्रांची पत्रं आली, त्यांत शिपायांच्या अत्याचारांच्या हकीकती होत्या. गोखल्यांनी त्या विलायतेत जाहीर केल्या. परतल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. ‘टिळक तुरुंगात आणि हे माफीत,’ आजी म्हणायची. १८९७ च्याच सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली होती, तेव्हा तिच्या या वाक्याला तारखांचाही आधार होता.

आजोबा यावर कधी चिडले नाहीत. ते म्हणत, ‘त्या माफीनंतरचे गोखले बघ.’ आणि खरंच, मी पुढे शिकवायला लागल्यावर दर वर्षी पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगत आले. जो माणूस दुसऱ्या देशात जाऊन आपल्या देशाविषयी बोलतो, त्याच्याकडे कागद पाहिजे. ऐकीव खरं असेल, तरी ते त्याच्या कामाचं नाही. नंतरच्या गोखल्यांच्या भाषणांत कागदाशिवाय आकडा सापडत नाही. १९१० च्या फेब्रुवारीत त्यांनी कायदे कौन्सिलात ठराव आणला की नाताळसाठी मजूर भरती बंद करा. सरकारने तो मानला आणि पुढच्या वर्षी जुलैपासून नाताळची भरती थांबली. दोन वर्षांनी, मार्च १९१२ मध्ये, गिरमिटाची पद्धतच मोडून काढा असा ठराव आणला तेव्हा मात्र सरकारी मतांनी तो पाडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गोखले केप टाउनला उतरले. या प्रवासाच्या दोन गोष्टी गांधींनीच लिहून ठेवल्यात, त्यामुळे आजोबांना त्यात भर घालायची सोय नव्हती. तरी ते थोडी घालतच. एक उपरण्याची. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं उपरणं गोखल्यांनी जपून ठेवलेलं. जोहान्सबर्गच्या मेजवानीला ते घालायचं होतं आणि त्याला चुण्या पडल्या होत्या. इस्त्री मी करतो, असं गांधी म्हणाले. तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, धोबीपणावर नाही, अशा अर्थाचं गोखले बोलले. शेवटी इस्त्री गांधींनीच केली आणि चांगली केली. दुसरी गोष्ट आमच्या घरात जास्त लाडकी. हिंदी लोकांच्या सभेत गोखल्यांना हिंदुस्थानी बोलायचा संकोच आणि इंग्रजीत बोलणं गांधींना पटेना. गांधींनी सुचवलं की मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. सभेत कोकणी मुसलमान होते, इतरही मराठी कळणारे होते. गोखले हसले, गांधींच्या हिंदुस्थानीची त्यांनी थट्टा केली, आणि यांना मराठी कुठून येणार म्हणून शंकाही काढली. पण तिथून झांझिबारपर्यंत अशा सभांतून गोखले मराठीत बोलत गेले आणि गांधी उलथा करत गेले.

एका साम्राज्यातल्या दोन वसाहतींमधला तंटा, तो सोडवायला आलेला माणूस गुहागरजवळच्या कोतळुकचा, भाषा मराठी आणि दुभाषा राजकोटचा. असं चित्र मी पाठ्यपुस्तकात कधी पाहिलं नाही.

प्रिटोरियाला गोखले दक्षिण आफ्रिकेच्या सरकारातल्या बोथा आणि स्मट्स यांना भेटले. बाहेर आले ते खुशीत: तीन पौंडांचा कर जाणार, असं आपल्याला सांगितलं गेलं अशी त्यांची खात्री होती. गांधींना ती तेवढी नव्हती. पुढच्या वर्षी स्मट्स यांनी पार्लमेंटात असा शब्द दिल्याचं मान्यच केलं नाही. आजोबा म्हणत, ‘बघ, गोखले कागद मागायला विसरले, तो एकदाच.’ मग १९१३ चा संप, खाणींतले आणि मळ्यांतले हजारो मजूर बाहेर, बायका तुरुंगात, आणि १९१४ च्या कायद्याने कर गेला. १९१५ च्या १९ फेब्रुवारीला गोखलेही गेले. वय अठ्ठेचाळीस.

इथे बंगळूर येतं. त्याच वर्षी ८ मे रोजी गांधी बंगळूरला आले ते गोखल्यांच्या तसबिरीचं अनावरण करायला. बोलावणाऱ्या मंडळींत एक अठ्ठावीस वर्षांचे पत्रकार होते, मॅट्रिक नापास, देवनहळ्ळी व्यंकटरमणय्या गुंडप्पा. कानडी मुलुख त्यांना ‘डीव्हीजी’ या तीन अक्षरांनी ओळखतो आणि ‘मंकुतिम्मन कग्ग’मुळे आजही घराघरात वाचतो. कवी म्हणून त्यांचं नाव एवढं मोठं झालं की त्यांनी गोखल्यांचं कानडी चरित्र लिहिलं, संस्थानी प्रजेच्या हक्कांवर आयुष्यभर इंग्रजीत लिहिलं, हे लोकांच्या ध्यानातच राहत नाही. १९४५ साली त्यांनी बसवनगुडीच्या अंगाला गोखले सार्वजनिक विचार संस्था काढली. बुल टेंपल रोडवर, नरसिंहराजा कॉलनीत. पुण्याला गोखल्यांच्या नावाची संस्था १९३० पासून आहे, अर्थशास्त्राची, गाडगीळांची; पण बंगळूरच्या कानडी माणसाने, मराठी वर्गणीदारांची वाट न बघता, स्वतःच्या गावात गोखल्यांच्या नावाचं घर बांधावं याचं मला पुणेकरांपेक्षा जास्त कौतुक आहे. १९७० मध्ये डीव्हीजींचा सत्कार झाला, सुमारे ९०,००० रुपयांची थैली मिळाली, ती सगळी त्यांनी संस्थेला देऊन टाकली. त्यांच्या घरची स्थिती बसवनगुडीत सगळ्यांना ठाऊक होती.

आजोबा तिथे संध्याकाळी जात. मला बरोबर नेत ते बहुधा परतताना विद्यार्थी भवनातला डोसा मिळेल या बोलीवर. वाचनालयात आजोबा पुस्तक उघडत आणि पहिल्यांदा मजकूर नाही तर पान बघत: समास किती, अक्षर झिजलंय का, ओळी सरळ बसल्यात का. १९६३ मध्ये पी. कोदंडराव यांनी लिहिलेलं शास्त्र्यांचं चरित्र निघालं. ते कट्ट्यावर कसं आलं, मास्तरांनी विकत घेतलं की संस्थेतून आणलं, मला आठवत नाही. पण तो पावसाळा आठवतो. मास्तर वाचत, आजोबा ऐकत, आजी आत पोळ्या करता करता शेरे मारत.

कोदंडराव हे शास्त्र्यांचे अनेक वर्षांचे चिटणीस, पुढे ‘सर्व्हंट’च्या संपादनातही होते. मूळचे आंध्रातले, मन पुण्याच्या समाजात, संसार अमेरिकन बाईशी. पूर्व आणि पश्चिम यांत मुळात काही विरोध आहे हीच कल्पना खोटी, असं सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये लंडनला निघालं होतं. मात्र आजोबांच्या लेखी साप्ताहिकाचे खरे धनी श्रीधर गणेश वझे. केनियाचा प्रश्न, संस्थानांचा प्रश्न, घटनेतली कलमं, वझे सगळं त्या खोलीत बसून लिहीत. आजोबांनी त्यांच्या अक्षरावरून इंग्रजी वळणं गिरवली. संपादक म्हणून वझ्यांचं नाव आज पुण्यातही किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

शास्त्र्यांची गोष्ट मास्तर सांगत ती कीर्तनासारखी. कुंभकोणमजवळच्या वलंगैमानचा गरीब पुजाऱ्याचा मुलगा, शाळामास्तरकी, हेडमास्तरकी, आणि १९०७ मध्ये बांधलेली नोकरी सोडून पुण्याला येऊन गोखल्यांच्या समाजात दाखल होणं. तिथे गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनच्या टेकडीवर द्रविड, देवधर आणि पटवर्धन यांना शपथ दिली होती; देशासाठी काम करा, स्वतःसाठी पैसा मिळवू नका अशा धर्तीच्या सात प्रतिज्ञा. गोखल्यांनंतर समाजाचे अध्यक्ष झाले ते शास्त्री, एक तमिळ माणूस. पुण्यात बसून. याची खुमारी मास्तरांना फार.

मग १९२१. एकाच वर्षात लंडनची साम्राज्य परिषद, जिनीव्हाला राष्ट्रसंघ आणि वॉशिंग्टनची नौदल परिषद. ६ फेब्रुवारी १९२२ च्या पाच सत्तांच्या नौदल करारावर हिंदुस्थानच्या वतीने सही आहे ती शास्त्र्यांची. कोणत्या सत्तेने किती टनांच्या लढाऊ बोटी ठेवाव्या, त्याचा तो करार. मास्तर ही सही सांगताना ताठ बसत. आतून आजी म्हणाली होती, ‘घरात मत नाही, आणि जगाच्या बोटी मोजायला गेले.’

मला आता वाटतं, आजीचं हे वाक्य एखाद्या प्रबंधाचं शीर्षक व्हायला हरकत नाही. हिंदुस्थानला तेव्हा परराष्ट्रखातं होतं ते इंग्रजांचं, सैन्य इंग्रजांचं, सहीला मागे बळ नाही. तरी ही माणसं जाऊन बसत होती. कशाच्या जोरावर? अभ्यासाच्या आणि बोलण्याच्या. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून आपलं काम करायचं आणि खुर्ची आपली नाही हे विसरायचं नाही. शास्त्री कधी कधी विसरले असं आजीचं म्हणणं. मला ते अर्धं पटतं.

१९२३ मध्ये ते विसरणं संपलं. केनियात हिंदी लोकांना समान हक्क मिळावेत म्हणून शास्त्री लंडनला गेले. जुलैत जी श्वेतपत्रिका निघाली तिने डोंगराळ सुपीक जमीन गोऱ्यांसाठीच राखून ठेवली. साम्राज्यावर ज्याचा विश्वास होता, तो माणूस साम्राज्याच्या वेंब्लीच्या प्रदर्शनावर बहिष्कार घाला म्हणू लागला. प्रकृती ढासळली. त्या काळात ते विश्रांतीला बंगळूरला येऊन राहत. मास्तर म्हणायचे की या शहराची हवा नसती तर पुढचं दक्षिण आफ्रिकेचं काम झालं नसतं. बंगळूरच्या हवेला तेव्हा असलं श्रेय देता येत होतं. आजोबा नेमके त्याच वर्षी केसपाशी उभे राहिले होते. त्यांनी सोडवलेला पहिला मजकूर केनियाचा होता असं ते सांगत, म्हणजे छापून झालेली केनिया मोडून, अक्षर अक्षर सुटं करून त्यांनी खणांत टाकली.

१९२७ चा उन्हाळा. गांधी आजारी पडून नंदी डोंगरावर आणि मग बंगळूरला मुक्कामाला होते. तिथल्या हिंदी लोकांविषयी हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला केप टाउनचा करार नुकताच झालेला. दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचा पहिला एजंट म्हणून शास्त्र्यांनी जावं यासाठी गांधींनी जोर लावला. ज्यांची राजकीय वाट वेगळी, ज्यांच्या समाजाने १९१५ मध्ये गांधींना सभासद करून घ्यायला काचकूच केली, त्यांच्याच प्रमुखाला गांधी आपल्या जुन्या रणांगणावर पाठवत होते. शास्त्री जूनमध्ये गेले, १९२९ च्या आरंभी परत आले. एजंट म्हणजे राजदूत नव्हे. अधिकार जवळजवळ नाहीत. गोऱ्यांच्या सभांतून भाषणं करायची, मंत्र्यांना भेटायचं, आपल्या माणसांच्या आपसातल्या भांडणात मधे पडायचं. क्लर्क्सडॉर्पला सभा उधळली गेली. डर्बनला हिंदी मुलांसाठी माध्यमिक शाळा हवी म्हणून त्यांनी तिथल्या हिंदी लोकांकडून पैसा उभा केला; शास्त्री कॉलेज या नावाने ती उभी राहिली. हेडमास्तर शेवटी हेडमास्तरच.

मास्तर इथे पुस्तक मिटत. पण मी मोठी झाल्यावर तो करार मुळातून वाचला आणि माझं मन तितकं शांत राहिलं नाही. करारात दोन बाजू होत्या. राहणाऱ्यांची उन्नती करू, हे एक. आणि जायला तयार असतील त्यांना पैसे देऊन हिंदुस्थानात पाठवू, हे दुसरं. उन्नतीची अट होती पाश्चात्त्य राहणीमानाची. परत आलेली माणसं कलकत्त्याच्या मटियाबुर्जला अडकून पडली, कारण त्यांना गाव उरलं नव्हतं आणि भाषाही धड उरली नव्हती. आणि त्या देशात जे मूळचे, संख्येने सगळ्यांत जास्त, ते आफ्रिकी लोक करारात कुठे नाहीतच. शास्त्र्यांच्या काळात हा प्रश्न कुणाला सुचणं अवघड होतं असं म्हणून सोडता येईल. मला सोडवत नाही.

याच करारावर काम करायचं म्हणून १९७७ मध्ये मी एका विद्यापीठात मुलाखतीला बसले. समोरच्या प्राध्यापकांनी अर्ज चाळला आणि विचारलं, मजुरांचा कर आणि शाळा यात आंतरराष्ट्रीय संबंध कुठे आले? हा इतिहास झाला किंवा समाजशास्त्र. आपला विषय म्हणजे सत्तासमतोल, अलिप्तता, अणुधोरण. मी गप्प बसले. दुसऱ्या ठिकाणी प्रवेश मिळाला आणि वाचायला दिल्लीला सप्रू हाउसला जाऊ लागले. तिथलं ग्रंथालय नामी होतं. त्याच इमारतीच्या सभागृहात संध्याकाळी चावट पंजाबी नाटकं चालत, त्यामुळे बंगळूरच्या घरी ‘सप्रू हाउसला जाते’ हे सांगायची चोरी.

त्या ग्रंथालयात मला ते सापडलं. सप्रू हाउस भारतीय जागतिक घडामोडी परिषदेचं. ही परिषद १९४३ ची, पहिले अध्यक्ष तेज बहादूर सप्रू. त्यांच्यानंतर वर्षानुवर्षं तिचा गाडा ओढला पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी. परिषदेच्याच अंगणात १९५५ च्या ऑक्टोबरात इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं, देशात या विषयाची पीएच.डी. देणारं ते पहिलं ठिकाण; अप्पादोराय, एम. एस. राजन यांच्या पिढीने ते घडवलं, आणि १९७० मध्ये ते नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मिसळलं. त्या शाळेमागचे हे कुंझरू कोण? १९०९ पासून भारत सेवक समाजाचे सभासद आणि १९३६ पासून मरेपर्यंत त्याचे अध्यक्ष. गोखल्यांच्या प्रतिज्ञा घेतलेला माणूस. म्हणजे आपल्याकडे या विषयाचं खातं उघडलं ते गिरमिटाच्या मजुरासाठी कागद गोळा करत बसणाऱ्यांच्या घरातून. पुण्याच्या टेकडीवरून ते दिल्लीच्या बाराखंबा रस्त्यावर गेलं इतकंच. १९४६ मध्ये स्वतंत्र व्हायच्या आधीच आपण संयुक्त राष्ट्रांत जी पहिली तक्रार नेली ती दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची होती. ८ डिसेंबरला ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव झाला. समोर तेच स्मट्स. शास्त्री त्याच एप्रिलमध्ये गेले होते.

मी उत्साहाने आजोबांना पत्र लिहिलं, जणू मीच शोध लावला. पोस्टकार्डावर उत्तर आलं. अक्षरं सुटी सुटी, खिळ्यांसारखी. कुंझरू दर जूनला पुण्याला येत, समाजाचे सगळे सभासद वार्षिक बैठकीला जमत, छापखान्यातही फेरी होई. ते फार कमी बोलत. खाली एक ओळ: इतकं शोधायला दिल्लीला कशाला जायचं, मला विचारायचंस. १९७८ च्या एप्रिलमध्ये कुंझरू गेले. सप्रू हाउसच्या वाचनकक्षात मी ती बातमी वाचली.

आज बंगळूरमध्ये परराष्ट्रधोरणावर बोलणाऱ्या संस्था आहेत, तरुण मुलं झकास काम करतात. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात राजा रामण्णांनी उभ्या केलेल्या प्रगत अध्ययन संस्थेत अणुशास्त्रापासून चीनपर्यंत सगळ्याचा अभ्यास चालतो. तक्षशिला संस्थेत धोरणाचे वर्ग भरतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघी-तिघी अशा ठिकाणी पोचल्या. त्यांना मी शास्त्र्यांचं गोखल्यांवरचं पुस्तक दाखवते, १९३७ चं, बंगळूरलाच छापलेलं. त्या तारखेकडे बघतात, मग फोनवर पानाचा फोटो काढतात.

आजोबांच्या अखेरच्या महिन्यांत एका दुपारी त्यांनी मला कपाटातली पत्र्याची डबी काढायला सांगितली. तंबाखूची जुनी डबी. आत कागदाच्या घडीत एक खिळा. शिशाचा, झिजून कडा गेलेला. असले झिजके खिळे वितळवायला टाकत; हा त्यांनी १९३९ मध्ये छापखाना सोडताना खिशात घातला होता. मी उजेडात धरून बघितला, उलटासुलटा करून बघितला, ओळखू येईना. ‘पौंडाचं चिन्ह,’ आजोबा म्हणाले. ‘गोखल्यांच्या पुण्यतिथीच्या अंकाला लागायचं. तीन आधी लावायचं का चिन्ह आधी, यावर मी पहिल्यांदा बोलणी खाल्ली होती.’

आजी उशाशी बसून लिंबाचं सरबत ढवळत होती. तिने मान वळवून खिळ्याकडे बघितलं.

‘तीनातला एकच आणलात होय? मग बाकीचे दोन?’

आजोबा डोळे मिटून म्हणाले, ‘ते स्मट्सकडे राहिले.’